सत्ताविसावा घास

माझ्या हातून जी चूक झाली तिला तीन शब्द लागले. ‘त्यांची हरकत नव्हती.’ एवढंच मी बोललो. एका वयस्कर बाईंनी आपल्या व्हरांड्यात उभं करून, चष्मा काढून, मला सरळ प्रश्न विचारला होता, आणि त्याचं खरं उत्तर ‘त्यांना माहीतच नाही’ हे होतं. तेही तीनच शब्द होते. म्हणजे खोटं बोलून मी काही श्रम वाचवले असंही नाही.

ते शब्द ज्यांच्याबद्दल होते त्या काकांविषयी मला लिहायचं आहे. मी ते लिहायला लायक नाही हे आधीच कबूल करतो. मागे एकदा त्यांच्याविषयी लिहिलं, त्यातूनच हे सगळं झालं.

काका कोल्हापुरातल्या एका जुन्या मिशन दवाखान्यात कंपाउंडर होते. मी त्यांना जवळून ओळखू लागलो ते नव्वदीच्या दशकात. तोवर त्यांना निवृत्त होऊन दहाएक वर्षं झाली होती, पण हाताची सवय गेली नव्हती. बाराही महिने अंगात काळा कोट, आणि कोटाच्या खिशात औषध मोजायचा काचेचा छोटा ग्लास. कुणाच्याही घरी चहा आला की ते खिशातून ग्लास काढत, रुमालानं पुसत आणि सांगत, “दोन औंस घाल. वर न्हाय.” घरातल्या तेलाच्या बाटलीलाही त्यांनी जुन्या औषधाच्या बाटलीसारखी कातरलेली कागदी पट्टी चिकटवली होती. एक खाच म्हणजे एक दिवस. काकू वारल्यापासून ते स्वतःच स्वयंपाक करत, आणि पाहुणा आला तर त्या दिवशीची खाच ओलांडली जाई म्हणून दुसऱ्या दिवशी उकडलेलं खात.

चर्चमध्ये ते बंद पडलेल्या पंख्याखाली बसत. ती जागा कुणी मागत नाही, म्हणून. आवाज असा की गीत सुरू झालं की पहिली ओळ त्यांचीच ऐकू येई, पेटीच्याही आधी. उपासना संपल्यावर पाळकसाहेब दारात उभे राहून सगळ्यांशी हात मिळवायचे. काका हात हातात धरूनच ठेवायचे. “सलाम, पाळकसाहेब. आज डोस जास्ती झाला. अशक्त माणसाला निम्मा देत्यात.” पाळकसाहेब हसायचे. पुढच्या रविवारी प्रवचन पाच मिनिटांनी वाढायचं.

पण काकांची खरी ख्याती उपवासकाळातली.

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आम्हा ख्रिस्ती लोकांत उपवासाचे आणि पश्चात्तापाचे. राखेच्या बुधवारी सुरू होतात. रविवार मोजायचे नाहीत. या दिवसांत कुणी चहा सोडतं, कुणी गोड. मी मटण सोडायचो. कोल्हापुरात राहून चाळीस दिवस तांबड्या-पांढऱ्या रश्श्याकडे पाहायचं नाही, ही काय तपश्चर्या आहे ते मी भेटेल त्याला समजावून सांगत असे. पाटबंधारे खात्यात मी कारकून होतो. तिथल्या सगळ्या टेबलांना माझा त्याग तोंडपाठ होता. बायको म्हणायची, “अहो, एवढ्या जणांना सांगितलंत, आता त्या बकऱ्यालाही कळवा. बिचारं उगाच घाबरून असेल.”

काका काहीच सोडत नसत. विचारलं की म्हणत, “मी खातो तरी काय, सोडायला?” ते या दिवसांत माफी मागायला जात. शास्त्रात सांगितलंय ना, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाचं मन तुझ्याविषयी दुखलेलं आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. आम्ही हे वाक्य वाचतो, त्यावर मनन करतो, आमेन म्हणतो. काका सायकल काढत. जुन्या औषधचिठ्ठ्यांच्या पाठीवर त्यांनी एक यादी केली होती. आयुष्यात कुणाला काय बोललो, कुणाशी काय वागलो, त्याचं गाव कुठलं. दर उपवासकाळात त्यातली सात-आठ नावं ते संपवत. एकदा ते गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर, जिथं गिऱ्हाइकासमोरच म्हशी पिळतात, भर गर्दीत एका गवळ्यापुढं हात जोडून उभे राहिले होते, आणि म्हैस पान्हा चोरते म्हणून तो गवळी “माफ केलं, माफ केलं, पर बाजूला व्हा” म्हणून ओरडत होता.

पुढे त्यांचे गुडघे गेले. तेव्हा मी आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सभासदांचा, चिटणीस होतो, तिशी ओलांडलेला, स्कूटर बाळगून असलेला. मी म्हटलं, काका, मी नेतो. मनात हिशोब असा की मटणाचा त्याग आणि वर वृद्धाची सेवा.

पहिली फेरी कागलची. रस्त्यालगत घर, दारात उसाची मोळी टाकलेली. चाळिशीचा एक गृहस्थ बाहेर आला.

“या पावणं. कुठनं आलासा?”

“कोल्हापूर. वडील हायत का घरात?”

“वडील जाऊन आठ वर्सं झाली की.”

काकांनी क्षणभर मान खाली घातली. मग म्हणाले, “मग तुमालाच सांगतो. तुमच्या वडलांला मी एकदा दवाखान्यात चारचौघांत चोर म्हटलंतं. थर्मामीटर हरवलंतं. ते मागनं माझ्याच कोटात घावलं. माफी मागायला आलोय.”

“कुणाला चोर म्हटलंतं?”

“तुमच्या वडलांला.”

“माझ्या बाला?”

“व्हय. पर ते न्हवतं.”

“आगं ए, भाईर ये! ह्यो म्हातारा दारात यिऊन बाला चोर म्हणतोय!”

घरातून बायको आली, शेजारून चुलते आले, एकाच्या हातात खुरपं होतं. माझा आध्यात्मिक प्रतिसाद असा होता की मी स्कूटरला किक मारली. काका मात्र जागचे हलले नाहीत. सगळे ओरडून दमल्यावर त्यांनी तेच वाक्य पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, त्याच आवाजात, थर्मामीटरसकट. मग तो गृहस्थ म्हणाला, “बा काय म्हटला तवा?”

“काय न्हाय. खाली मान घालून गेलं.”

तो माणूस तसाच उंबऱ्यावर बसला. “तसाच हुता त्यो,” म्हणाला. “आमाला कदी बोललाबी न्हाय.” मग चहा आला. काकांनी खिशातून ग्लास काढला.

परतीच्या वाटेवर मी म्हटलं, “काका, मेलेल्या माणसाची माफी कशाला उकरायची? त्या पोराला नसता ताप.”

“ताप आला म्हंजे औषध लागू पडतंय,” काका मागून म्हणाले.

दुसरी फेरी शिरोळची. तिथं एक म्हातारे शेतकरी होते, नव्वदीच्या घरातले, कान-डोळे शाबूत. ते पूर्वी पोटदुखी घेऊन दर आठवड्याला दवाखान्यात यायचे. डॉक्टरांना त्यात काही सापडायचं नाही. काकांनी कंटाळून त्यांना तीन महिने नुसतं लाल रंगाचं पाणी दिलं होतं. ते कबूल करायला आम्ही पंचेचाळीस किलोमीटर गेलो.

“रंगीत पानी?” म्हातारे म्हणाले.

“व्हय. औषध म्हून रंगीत पाणी दिलं. फसवलं तुमाला.”

“पर त्येनंच माजं पोट दुकायचं राहिलं की!”

“न्हाय वो. ते पाणी हुतं.”

“आसंल. लाल हुतं न्हवं? त्येनंच राहिलं. मागल्या सालापासनं परत उठलंय बगा. कवाधरनं इचारतोय, त्यो कंपौंडर कुठं गेला. आनलाय का बाटली?”

काका हतबल झाले. असं मी त्यांना दुसऱ्यांदा कधी पाहिलं नाही. ते शपथेवर सांगत होते की मी गुन्हेगार आहे, आणि म्हातारे त्यांचे हात धरून म्हणत होते की तुझ्यासारखा माणूस होणार नाही, बाटली दे. निघताना काकांनी त्यांना ओवा खायला सांगितला. म्हाताऱ्यांनी मान हलवली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, “लाल हाय का त्यो?”

मी स्कूटरवर बसून इतका हसलो की गाडी रस्त्यावरून डुलत होती. हातकणंगल्याच्या अलीकडे ती पंक्चर झाली. पंक्चरवाला चाक खोलत होता, आम्ही बाभळीखाली टायरवर बसलो होतो. हसण्याच्या भरातच मी विचारलं, “काका, यादी संपत आली असेल की आता?”

“एक हाय,” ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. आमच्या मंडळीत निवृत्त मुख्याध्यापिका असलेल्या एक बाई होत्या. मीही चौथीपर्यंत त्यांच्या हाताखाली शिकलो. लग्न न केलेल्या, एकट्या राहणाऱ्या, ताठ. त्या विशी-बाविशीत असताना त्यांना क्षय झाला होता. दवाखान्यात गुपचूप येऊन सुया घ्यायच्या. बऱ्या झाल्या. त्याच सुमारास मिरजेकडचं एक स्थळ आलं. मुलाचे मामा चौकशी करत दवाखान्याच्या खिडकीशी आले आणि तरुण कंपाउंडरला म्हणाले, मुलगी तुमच्या ओळखीची, तब्येतीनं कशी आहे?

“मी म्हटलं, सुया चालू हुत्या, आता एकदम बरी हाय.” काका समोरच्या रस्त्याकडे बघत होते. “मला वाटलं, चांगलं सांगितलं. आठ दिसांत स्थळ मोडलं. मागनं आली ती स्थळंबी तेवढंच इचारून गेली. खिडकीतली गोष्ट खिडकीतच ठेवायची असती. ती माझी नोकरी हुती. बाईंला अजून ठावं न्हाय कुणी सांगितलं ते.”

“मग तुम्ही सांगितलं नाही?”

“दर साली जातो की. फाटकापतूर जातो. बाई भाईर येत्यात, म्हणत्यात, काय कंपाउंडर? मी म्हणतो, जरा कढीपत्ता हवा हुता. त्यांच्या दारात झाड हाय. बाई मूठभर तोडून देत्यात. मी घेऊन येतो.” मग म्हणाले, “लई सालं झाली. घरात कढीपत्ता कदी कमी पडला न्हाय.”

मी हसलो नाही, एवढं माझ्या बाजूनं नोंदवून ठेवतो.

“ह्ये तुला म्हून सांगतोय,” काका म्हणाले. “येत्या साली सांगणार. कढीपत्ता मागायचा न्हाय.”

पुढच्या उपवासकाळासाठी मी एक पुस्तिका काढायचं ठरवलं. चाळीस दिवस, चाळीस मननं. नाव ठेवलं ‘चाळीस घास’. आत्म्याचं पोषण रोज एकेक घासानं, अशी माझी प्रस्तावना होती. आमच्याकडे या दिवसांत रोज संध्याकाळी एकेका घरी प्रार्थनासभा होते, आणि त्या घरच्या माणसानं दिवसाचं मनन मोठ्यानं वाचायचं, पुढचं पान आधी उघडायचं नाही, अशी रीत आहे. ते सगळं मननसाहित्य दुसऱ्या कुणी न लिहिता मीच लिहावं, हे मला नम्रतेचं लक्षण वाटलं. चाळीस दिवस पुरेल एवढं आध्यात्मिक अन्न माझ्याजवळ आहे असा माझा समज होता. ते सव्विसाव्या दिवशी संपलं. पुढचे तेरा, येशूच्या दुःखसहनाचे, दिवस मी आधीच भरून ठेवले होते. मधे सत्ताविसावं पान कोरं राहिलं. छापखानेवाला रोज फोन करी. “साहेब, एक पान मोकळं हाय. कॅलेंडर टाकू?”

तेव्हा मी कचेरीत, डबा खाण्याच्या सुट्टीत, एका दमात सत्ताविसावा घास लिहिला. विषय होता ‘न मागितलेली क्षमा’.

ओळख पटू नये याची मी फार काळजी घेतली. मिरजेचं ‘दूरच्या गावचं स्थळ’ केलं. क्षयाचा ‘छातीचा विकार’ केला. कंपाउंडरच्या जागी ‘औषधांशी संबंधित सेवा करणारे आपल्यातील एक बंधू’ असं लिहिलं. आमच्या मंडळीत औषधांशी संबंधित सेवा करणारे बंधू दोनच होते. दुसरे गुरांचे डॉक्टर होते. कढीपत्ता मात्र मी ठेवला. तो फारच हृद्य वाटला मला. आणि शेवटी लिहिलं: ‘प्रिय वाचका, असे एखादे ओझे तुझ्याही मनावर आहे काय?’

काकांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते, आणि पान तर उद्या द्यायचं होतं.

कोणत्या दिवशी कुणाच्या घरी सभा, याचं वेळापत्रकही चिटणीस म्हणून मीच केलं. दोन्ही कागद माझ्याच हातचे होते, महिनाभर माझ्याच टेबलावर होते. ते एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहावेत, हे मला सुचलं नाही. सत्ताविसावा दिवस शुक्रवारी आला. सभा बाईंच्या घरी होती.

खोलीत पंधरा-सोळा माणसं होती. काका दाराजवळच्या खुर्चीवर. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, गीत झालं, आणि बाईंनी चष्मा लावून पुस्तिका उघडली. मी शीर्षक ऐकलं तेव्हा मला कळलं. त्या क्षणी उठून काहीही करता आलं असतं. घेरी आली असं तरी म्हणता आलं असतं. मी मांडीवर हात ठेवून, डोळे मिटून, भक्तिभावानं बसून राहिलो.

बाईंनी पस्तीस वर्षं मुलांना वाचन शिकवलं होतं. स्वल्पविराम असेल तिथं त्या थांबत, पूर्णविराम असेल तिथं जास्त थांबत. ‘छातीचा विकार’ त्यांनी स्वच्छ वाचला. ‘स्थळ मोडले’ स्वच्छ वाचलं. ‘ती भगिनी आयुष्यभर अविवाहित राहिली’ याच्या पूर्णविरामावर त्या नेहमीपेक्षा जास्त थांबल्या. खोलीत कुणी पाय हलवेना. मग फाटक आलं, कढीपत्ता आला. डोळे मिटलेले असूनही सगळ्या माना दाराकडे वळल्याचं मला कळलं. बाईंनी शेवटपर्यंत वाचलं. मी वाचकाला विचारलेला तो प्रश्नही, प्रश्नचिन्हासकट. पुस्तिका मिटली आणि म्हणाल्या, “चहा घ्या सगळ्यांनी.”

काकांनी ग्लास काढला नाही. त्यांच्या खुर्चीकडे चहा गेला तेव्हा खुर्ची रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी मला बोलावून घेतलं. व्हरांड्यात उभं केलं. चष्मा काढला.

“हे तू लिहिलंस.”

“हो बाई.”

“त्यांनी तुला लिहायला सांगितलं? त्यांना ठाऊक होतं?”

हे सांगायला लाज वाटते, पण त्या वेळी माझ्या डोक्यात काय होतं ते सांगतो. ईस्टरनंतर मंडळीचे नवे वडील, म्हणजे कारभार पाहणारे ज्येष्ठ, निवडायचे होते, आणि पाळकसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून ‘तुमचं नाव आहे’ असं म्हटलं होतं. मंडळीचा वडील! विश्वासानं सांगितलेली गोष्ट न विचारता छापणारा माणूस वडील कसा होणार? आणि शिवाय समोर बाई होत्या. त्यांच्यापुढं मी आजही हात मागे बांधून उभा राहतो.

“त्यांची हरकत नव्हती,” मी म्हणालो.

बाईंनी चष्मा परत लावला. “म्हणजे तोंडानं सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून छापून घेतलं. आणि ते मला वाचायला लावलं, माझ्याच घरात. बरं. जा तू.”

त्याच रविवारी काका त्यांच्या फाटकाशी गेले. हे मला नंतर कळलं. बाई बाहेर आल्या आणि फाटक न उघडता म्हणाल्या, “मी वाचलंय, कंपाउंडर. आता सांगण्यासारखं काही उरलेलं नाही.” काका काय म्हणाले, काही म्हणाले की नाही, ठाऊक नाही.

तिथून ते माझ्याकडे आले. बसले नाहीत. मला वाटलं ओरडतील. त्यांचा आवाज इतका खाली गेलेला मी तोवर ऐकला नव्हता.

“पोरा, ती माझी माफी हुती,” ते म्हणाले. “चाळीस वर्सं जपून ठेवलीती. तू मागून टाकलीस. आता मी काय मागू?”

“काका, नाव तर कुठं लिहिलं नव्हतं.”

“व्हय,” ते म्हणाले. “नाव न्हवतं.” आणि गेले.

माझ्या खोट्याबद्दल त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांना एवढंच वाटत होतं की बाईंचं मन कठीण झालं, आणि तो दोष आपला. त्या सालापासून त्यांच्या फेऱ्या थांबल्या. यादीतली उरलेली नावं तशीच राहिली. चर्चमध्ये ते पंख्याखालीच बसत, पण पहिली ओळ आता पेटीची ऐकू येई. बाई चार बाकं पुढे बसत आणि मागे पाहत नसत.

मी वडील झालो. एकमतानं.

त्यानंतरच्या सहा उपवासकाळांत मी काय काय सोडलं ते सांगण्यासारखं आहे. पहिल्या साली मटण आणि मासे. दुसऱ्या साली चहा. तिसऱ्या साली साखर. चौथ्या साली क्रिकेट, आणि तेही मालिका चालू असताना. पाचव्या साली मी जमिनीवर झोपलो आणि पाठ धरली. सहाव्या साली मी बायकोला म्हटलं, यंदा मिठाचा विचार करतोय. मधल्या काळात काका कसबा बावड्यात पुतणीकडे राहायला गेले होते. मी एकदाही गेलो नव्हतो.

बायको भाजी निवडत होती. तिनं हातातली पेंढी खाली ठेवली. “अहो, खाल्लेलं पचेना की माणूस असा एकेक पदार्थ सोडत जातो. तुम्ही काय खाल्लंय ते सांगा.”

मग मी तिला सांगितलं. सहा वर्षांत पहिल्यांदा. ती ओरडेल अशी माझी अपेक्षा होती. थोडी इच्छाही होती. ती म्हणाली, “रविवारी मटण करते. पोटभर खा आणि बाईंकडे जा.”

“उपवासकाळात?”

“न खाता सहा वर्षं कुठं गेलात?”

रविवारी तिनं खरंच केलं. तांबडा, पांढरा, सगळं. रविवार मोजायचा नसतो हे मी मनाशी पुन्हा एकदा तपासून घेतलं, जेवलो, आणि दुपारी तीन वाजता बाईंच्या व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. बाई सत्तरीच्या झाल्या होत्या. हातात काठी होती, चष्मा जाड झाला होता.

“बाई, काकांना ठाऊक नव्हतं. मी त्यांना न विचारता लिहिलं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं सांगितलं.”

मी पुढचं वाक्य पाठ करून गेलो होतो, माझ्या तेव्हाच्या मनःस्थितीविषयी. ते सुरू करणार इतक्यात त्यांनी हात वर केला.

“सहा वर्षं मी त्या माणसाकडे पाठ करून बसले.”

“हो बाई.”

“ते रागावणं माझं होतं, ते मी बघेन. पण भित्रा म्हणून त्यांचा मी जो तिरस्कार केला, तो तू करायला लावलास.”

“हो बाई.”

“स्कूटर आणली आहेस?”

“आणली आहे.”

“थांब. चपला घालते.”

बाई आयुष्यात स्कूटरवर बसल्या नव्हत्या. एका बाजूला दोन्ही पाय घेऊन, काठी माझ्या पोटाशी आडवी धरून बसल्या, आणि कसबा बावड्यापर्यंत फक्त दोनदा बोलल्या. दोन्ही वेळा “हळू” म्हणाल्या.

पुतणीचं घर अरुंद गल्लीत होतं. दारासमोर सार्वजनिक नळ, नळाला नुकतंच पाणी आलेलं. बाई एकट्या आत गेल्या. मी बाहेर स्कूटरपाशी थांबलो. पाच-सहा बायका घागरी लावून उभ्या होत्या. एकीनं विचारलं, “कोण पायजे वो पावणं?” मी म्हटलं, “थांबलोय.” “ते दिसतंयच की,” ती म्हणाली.

अर्धा तास झाला असेल. आतून एक शब्द बाहेर आला नाही. काय बोलणं झालं, कुणी कुणाला काय सांगितलं, मला आजही माहीत नाही, आणि ते माहीत नसल्याबद्दल मी देवाचे आभार मानतो, कारण माहीत असतं तर कदाचित हेही लिहून बसलो असतो.

मग बाई दारात आल्या. त्यांचे डोळे लाल होते, आवाज मात्र वर्गातलाच होता.

“ये आत. मोठ्यानं बोल, त्यांना आता ऐकू कमी येतं.”

“तुम्ही त्यांना सांगितलंत, बाई? माझं?”

“मी फक्त ऐकायला आले होते. तुझं मी काही सांगितलेलं नाही. तुझं तू सांग.”

आत काका खाटेवर बसले होते. अंगात कोट नव्हता, त्यामुळे ते कुणी दुसरेच वाटले. त्यांचा चेहरा ओला होता आणि तो पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. मी खाटेजवळ गेलो.

“काका, क्षमा करा.”

“आँ?”

“क्षमा करा, काका!”

“कशाबद्दल?” ते म्हणाले. “नुसतं क्षमा करा म्हंजे लेबल नसलेली बाटली. आत काय हाय ते सांग की.”

सांगितलेली गोष्ट छापल्याबद्दल, मी म्हणालो. ते मला ठावं हाय, ते म्हणाले, त्येचं झालं, सहा वर्सं झाली. काकांनी कानामागं हात धरला आणि वाट पाहिली. बाई दारात काठीवर हात ठेवून उभ्या होत्या. आयुष्यभर मी प्रार्थनासुद्धा हळू आवाजात करत आलो आहे. बाहेर कुणीतरी नळ बंद केला.

“काका,” मी ओरडलो, “त्या दिवशी बाईंनी मला विचारलं, कंपाउंडरना ठाऊक होतं का, आणि मी खोटं सांगितलं की तुमची हरकत नव्हती! मला मंडळीचा वडील व्हायचं होतं म्हणून सांगितलं! बाईंनी फाटक उघडलं नाही ते माझ्यामुळं, तुमच्यामुळं नाही! सहा वर्षं मला हे माहीत होतं आणि मी आलो नाही! मी खोटारडा आहे, काका, मला क्षमा करा!”